तीन नकारांची चिठ्ठी

कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये व्हॉट्सॲपचं छोटं ऑफिस होतं, तेव्हा जॅन कूम यांच्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. तीनच ओळी: जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, नसते चोचले नाहीत. खाली सही होती कंपनीचे दुसरे संस्थापक ब्रायन ॲक्टन यांची.

या नकारांमागे दोघांची याहूतली नोकरी होती. ॲक्टन १९९६ मध्ये याहूत लागले, कूम थोडे मागाहून. तिथं जाहिरातींची यंत्रणा आतून कशी चालते ते दोघांनी जवळून पाहिलं. चांगले इंजिनिअर दिवसभर बसून काय करतात, तर माणसं कशावर क्लिक करतात याच्या नोंदी चाळतात, म्हणजे पुढची जाहिरात नेमकी बसवता येते. २००७ मध्ये दोघांनी एकदमच नोकरी सोडली. पुढं २०१२ मध्ये व्हॉट्सॲपच्या वतीनं त्यांनी लिहिलं, की जिथं जाहिरात येते तिथं वापरणारा माणूसच विकायचा माल होतो. फुकट सेवेचा आवळा देऊन माहितीचा कोहळा काढायचा, हा धंदा त्यांना करायचा नव्हता.

मधल्या काळात ॲक्टन नोकरी शोधत फिरले, हेही सांगायला हवं. २००९ मध्ये ट्विटरनं त्यांना नाकारलं, मग फेसबुकनं. दोन्ही नकार त्यांनी स्वतःच ट्विट करून जगाला सांगितले. पाचच वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, त्याच फेसबुकनं व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. तेव्हा कंपनीत माणसं होती जेमतेम ५५ आणि वापरणारे ४५ कोटी. सौद्याच्या कागदांवर सही करायला कूम माउंटन व्ह्यूमधल्या एका जुन्या सरकारी इमारतीच्या दाराशी गेले. युक्रेनहून अमेरिकेत आल्यावर अन्नमदतीच्या कुपनांसाठी त्यांचं कुटुंब इथंच रांगेत उभं राहत असे.

तोवर व्हॉट्सॲपचा हिशेब सरळ होता. पहिलं वर्ष फुकट, नंतर वर्षाला एक डॉलर. भारतात तो डॉलर प्रत्यक्षात फार थोड्यांनी भरला. उलट ‘हा मेसेज दहा जणांना पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲपला पैसे पडतील’ असली अफवा मात्र घरोघरी फिरली. जानेवारी २०१६ मध्ये ही वर्गणीच रद्द झाली. आता पैसा येणार कुठून, हा प्रश्न उघड्यावर आला.

ॲक्टन यांच्याकडे उत्तर होतं. ठरावीक संख्येपर्यंत मेसेज फुकट, त्यापुढं सेंटच्या दहाव्या हिश्शाएवढा क्षुल्लक दर. यंत्रणा एकदा बांधली की सगळ्या देशांत चालेल, जाहिराती विकणाऱ्यांची फौज पोसायला नको. २०१८ मध्ये ‘फोर्ब्ज’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की फेसबुकच्या शेरिल सँडबर्ग यांच्यापुढं ही कल्पना मांडली तेव्हा ‘हे मोठ्या प्रमाणावर चालणार नाही’ असं उत्तर मिळालं. ॲक्टन यांना त्याचा अर्थ वेगळा लागला. चालेल, पण जाहिरातींइतका पैसा देणार नाही.

त्याआधीच एक वचन मोडलं होतं. विक्रीच्या वेळी फेसबुकनं युरोपीय आयोगाला सांगितलं होतं, की फेसबुक आणि व्हॉट्सॲपची खाती आपोआप एकमेकांशी खात्रीनं जोडता येणार नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं अटी बदलल्या आणि फोन नंबर फेसबुककडे जाण्याची वाट मोकळी झाली. दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल आयोगानं मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

त्याच वर्षी ॲक्टन यांनी फेसबुक सोडलं. त्यांचे शेअर टप्प्याटप्प्यानं हातात पडणार होते. आणखी वर्षभर खुर्चीत बसले असते तर सुमारे ८५ कोटी डॉलर मिळाले असते. मार्च २०१८ मध्ये, फेसबुकवरच्या माहितीच्या गैरवापराचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण गाजत असताना, त्यांनी एका ओळीचं ट्विट केलं: वेळ आली आहे, फेसबुक डिलीट करा.

‘फोर्ब्ज’च्या मुलाखतीत मात्र त्यांनी बोट आधी स्वतःकडे वळवलं. आपण वापरणाऱ्यांचा खासगीपणा विकला, ती एक तडजोड होती आणि तिचं ओझं रोज वागवतो, अशी कबुली त्यांनी दिली. फेसबुकच्या बाजूनं तिथले अधिकारी डेव्हिड मार्कस यांनी जाहीर उत्तर दिलं. ज्या कंपनीनं अब्जाधीश केलं आणि वर्षानुवर्षं मोकळीक दिली तिच्यावरच उलटणं हा हलकेपणा आहे, असा त्यांचा सूर होता. टीका झोंबणारी होती आणि अगदीच बिनबुडाची नव्हती.

पण सगळा दोष जाहिरातींच्या माथी मारावा, तर धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आडवं येतं. साक्री तालुक्यातल्या या गावात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं, आणि तिथंच त्यांचा जीव गेला.

त्या मेसेजमध्ये जाहिरात नव्हती. उलट २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा मजकूर पूर्ण कूटबद्ध होता, म्हणजे पाठवणारा आणि वाचणारा सोडून कोणालाही, अगदी कंपनीलाही, तो दिसत नव्हता. ॲक्टन आणि कूम यांना हवा तसाच खासगीपणा. त्यामुळे मजकूर गाळणं शक्यच नव्हतं, आवर घालता येत होता तो फक्त पुढं ढकलणाऱ्या बोटाला. जुलै २०१८ मध्येच कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली आणि फोटो-व्हिडिओंच्या शेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढून टाकलं. एवढंसं बटण. ते पहिल्यांदा बसवलं तेव्हा राईनपाड्यासारखं गाव कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारणच नव्हतं.

ॲक्टन यांनी स्वतःच्या अनुभवावरून धडा घेतला तो मालकीबद्दलचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी मॉक्सी मार्लिनस्पाइक यांच्यासोबत ‘सिग्नल’ या आधीपासूनच्या मेसेजिंग ॲपसाठी ‘सिग्नल फाउंडेशन’ उभं केलं आणि पदरचे ५ कोटी डॉलर त्यात घातले. व्हॉट्सॲपला कूटबद्धतेचं तंत्र मिळालं होतं ते मार्लिनस्पाइक यांच्या मंडळींकडूनच. ही संस्था विना-नफा आहे. तिला भागधारक नाहीत, त्यामुळे उद्या कोणी शेअर घेऊन मालक होण्याचा प्रश्न येत नाही.

सिग्नल कसं वेगळं आहे हे एका सरकारी नोटिशीतून कळतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासात दोन नंबरांची माहिती मागवली गेली. एका नंबरचं सिग्नलवर खातंच नव्हतं. दुसऱ्याबद्दल देण्याजोग्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. नावं, गट, कोण कोणाशी बोललं, यातलं काहीच साठवलेलं नव्हतं.

पण खासगीपणाचंही बिल येतं. २०२३ मध्ये सिग्नलनं आपला खर्च जाहीर केला. नवं खातं उघडताना फोनवर येणारा पडताळणीचा कोड, निव्वळ त्या एसएमएसपायी वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जात होते. २०२५ पर्यंत एकूण खर्च वर्षाला ५ कोटी डॉलरवर जाईल, असा अंदाज होता. भिस्त देणग्यांवर. हे सांगणाऱ्या अध्यक्ष मेरेडिथ व्हिटेकर याही एका मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेल्याच. २०१८ मध्ये गुगलचे हजारो कर्मचारी काम सोडून रस्त्यावर आले, त्या आंदोलनाच्या आयोजकांत त्या होत्या.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं पुन्हा अटी बदलायला घेतल्या, तेव्हा सिग्नलवर इतकी झुंबड उडाली की त्याचे सर्व्हर जवळपास दिवसभर बंद पडले. आपल्याकडेही सोसायट्यांचे, शाळासोबत्यांचे, नातेवाइकांचे गट तिथं निघाले. ‘सगळे इकडं या’ असा निरोप गेला तो अर्थात व्हॉट्सॲपवरूनच. काही आठवड्यांत बहुतेक मंडळी जुन्या ठिकाणी परतली, कारण मामा, दूधवाला आणि मुलांच्या शिक्षिका तिथंच होत्या. त्या अटींवरून भारताच्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. त्याविरुद्ध कंपनी अपिलात गेली.

जून २०२५ मध्ये मेटानं जाहीर केलं, की व्हॉट्सॲपच्या ‘अपडेट्स’ टॅबमध्ये आता जाहिराती दिसतील. खासगी गप्पांत नाही, स्टेटसच्या अधेमधे. म्हणजे भाच्याच्या मुंजीचे फोटो बघून अंगठा सरकवायचा, शेजाऱ्यांची महाबळेश्वरची सहल बघायची, आणि पुन्हा अंगठा सरकवला की समोर कुठल्याशा नव्या गृहप्रकल्पाचा दोन बेडरूमचा फ्लॅट.