कागेरो : क्षणभंगुरतेचे नाव

नदीकाठी उडणाऱ्या, नाजूक पंखांच्या एका अल्पायुषी कीटकाला जपानी भाषेत 'कागेरो' म्हणतात. उन्हात थरथरणाऱ्या हवेलाही हाच शब्द आहे. दिसते न दिसते तोच नाहीसे होणे, हा दोहोंतील समान धर्म.

दहाव्या शतकात एका स्त्रीने हा शब्द स्वतःच्या आयुष्याला लावला. फुजिवारा नो कानेइए या बलाढ्य सरदाराची ती दुय्यम पत्नी. ९५४ ते ९७४ ही तिची वर्षे बव्हंशी पतीची वाट पाहण्यात सरली. त्यांची कहाणी तिने लिहिली, ती 'कागेरो निक्की', म्हणजे कागेरोची रोजनिशी. असून नसल्यासारखे जीवन, हा त्या नावाचा भाव. तिचे स्वतःचे नावही इतिहासाने जपले नाही. 'मिचित्सुनाची आई' एवढीच तिची ओळख उरली.

कीटकशास्त्र मात्र या प्रतीकाची दुसरी बाजू दाखवते. पंख फुटल्यावर हा कीटक काही तास, फार तर काही दिवस जगतो. अन्न खाण्याजोगे तोंडही त्याला नसते. परंतु तत्पूर्वी पाण्याच्या तळाशी, अपक्व अवस्थेत, तो कित्येक महिने, क्वचित दोन वर्षेही, वाढत असतो. लोकांना दिसतो तो केवळ अखेरचा दिवस.

कानेइए ९८६ मध्ये राज्यप्रतिनिधी झाला. सत्तेचे शिखर त्याने गाठले. तरीही पती म्हणून तो कसा होता, हे हजार वर्षांनंतर वाचकांना ठाऊक आहे ते त्या अनामिकेच्या लेखणीमुळे. दृष्टीआड जगलेले आयुष्य निष्फळच असते, असे मग कोणत्या आधारावर म्हणावे?