घरातला बेगोनिया

गेल्या मे महिन्यात ताईचे लग्न होऊन ती हुबळीला गेली आणि जाताना आपली बेगोनियाची कुंडी माझ्या स्वाधीन करून गेली. "याच्याकडे लक्ष दे हं," एवढेच ती म्हणाली. मी इतके लक्ष दिले की जून संपायच्या आत झाड कुजले! सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी तांब्याभर पाणी. पानांनी माना टाकल्या तेव्हा तहान लागली असेल असे समजून तिसरा तांब्याही ओतला. शेवटी रोपवाटिकेतल्या माळीमामांना कुंडी दाखवली. त्यांनी माती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "नीरु कडिमे हाक्री." पाणी कमी घाला. बेगोनियाची निम्मी निगा या तीन शब्दांत आली. पण पाणी कमी का, हे कळायला झाड मूळचे कुठले ते पाहायला हवे.

शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मिशेल बेगॉं या अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ या वनस्पतीला बेगोनिया हे नाव दिले. जगाच्या उष्ण प्रदेशांत तिच्या दोन हजारांहून अधिक जाती आढळतात. आपल्या सह्याद्रीच्या घाटातही पावसाळ्यात ओल्या कातळांवर रानटी बेगोनिया फुलतात. ताईचे झाड मात्र 'रेक्स' प्रकारचे. रेक्स म्हणजे लॅटिन भाषेत राजा. मूळ रेक्स आसामकडच्या दमट जंगलांतला. त्याला हे शास्त्रीय नाव १८५७ साली मिळाले. आज घरोघरी दिसतात ते बहुधा त्याचे संकर. त्यांची फुले साधीच असतात. सारे वैभव पानांत असते: रुपेरी, हिरवे, जांभळट पट्टे, आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असलेला तिरपा आकार.

जंगलात हे झाड मोठ्या वृक्षांच्या सावलीत, कुजलेल्या पाल्यात वाढते. तेथे पाऊस पुष्कळ पडतो, पण पाणी साचत नाही. मुळे बारीक आणि वरच्यावर असतात. त्यांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. कुंडीत चिकट माती भरून रोज पाणी घातले की मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. म्हणजे अतिपाण्याने आजारी पडलेले झाड नेमके तहानलेल्यासारखेच दिसते. माझी फसगत येथेच झाली.

म्हणून पानांकडे पाहून पाणी घालू नये. मातीत बोट घालून पाहावे. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, आणि द्यायचे तेव्हा तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत द्यावे. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. कुंडी उथळ, शक्यतो मातीची असावी. दोन भाग पानांचे कुजलेले खत, एक भाग बागेची माती आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण चांगले. तळाशी खापराचे तुकडे घालावेत.

प्रकाश भरपूर हवा, पण ऊन नको. पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत ठेवलेली कुंडी सुखी असते. दुपारच्या उन्हाने पाने करपतात, तर अंधारात त्यांचा रंग उतरतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पानांच्या कडा वाळतात. तेव्हा पानांवर पाणी शिंपडू नये. ताटात खडे व पाणी घालून खड्यांवर कुंडी ठेवावी. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये. हवा खेळती नसली तर पानांवर पांढरी भुरी पडते. अशी पाने लगेच काढून टाकावीत.

खत वाढीच्या दिवसांतच द्यावे, महिन्यातून एकदा आणि पातळ करून. थंडीत तापमान १५ अंशांखाली गेले की वाढ मंदावते, काही पाने गळतातही. घाबरून खत घालू नये. मंदीच्या काळात खर्च आवरता घ्यावा, हा आमच्या वाणिज्य शाखेचा धडा येथेही लागू पडतो.

आता ताईच्या झाडाचे काय झाले? खोड गेले होते, पण एक पान धड होते. माळीमामांच्या सांगण्यावरून ते उलटे करून पात्याने जाड शिरांवर आडवे छेद घेतले. मग सुलटे करून ओलसर वाळूवर पसरले आणि शिरा वाळूला टेकाव्यात म्हणून वर लहान खडे ठेवले. पारदर्शक पिशवीने झाकून सावलीत ठेवले. दीड-दोन महिन्यांत छेदांच्या जागी मुळे फुटली आणि नखाएवढी तीन रोपे उभी राहिली! दोन-तीन पाने आल्यावर ती वेगळी केली.

दिवाळीला ताई आली तेव्हा सगळे खरे सांगून टाकले. ती थोडी रागावली, मग तिन्ही कुंड्यांतली माती बोटाने चाचपून पाहिली आणि जाताना एक कुंडी हुबळीला घेऊन गेली. उरलेल्या दोन माझ्या खिडकीत आहेत. तांब्या आता स्वयंपाकघरातच असतो.