मेंदूची तपासणी व घरची साक्ष

हाताचें हाड मोडलें तर गळ्यांतील झोळी पाहून परका मनुष्यहि जपून वागतो. मेंदूच्या दुखापतीची गोष्ट निराळी आहे. अपघातानंतर टांके निघतात, जखम भरते, मनुष्य हिंडूंफिरूं लागतो आणि गंडांतर टळलें असें आप्तेष्ट म्हणतात. घरच्यांस मात्र हळूहळू उमगतें कीं, घरीं आलेला मनुष्य पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. तोच प्रश्न तो तीनदां विचारतो, क्षुल्लक कारणानें संतापतो, दुपारपर्यंत थकून जातो. अशा वेळीं डॉक्टर सविस्तर तपासणी सुचवितात. नोकरी, वाहन चालविणें, नुकसानभरपाई यांचे निर्णय पुष्कळदां तिच्यावर अवलंबून असल्यामुळें पूर्वतयारी अवश्य करावी.

प्रथम रुग्णालयाचा अहवाल, सी. टी. स्कॅन वगैरेंचे कागद व औषधांची यादी तारीखवार लावावी. अहवालांत बहुधा ‘ग्लासगो कोमा स्केल’चा आंकडा आढळेल. टीसडेल व जेनेट यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या या पद्धतींत डोळे उघडणें, बोलणें व हालचाल यांवरून शुद्धीस ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम व ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा समजतात. अपघातानंतर सलग स्मरण केव्हांपासून आहे, तेंहि लिहावें. मात्र सी. टी. स्कॅन निर्दोष म्हणजे मेंदू निर्दोष, असें नव्हे. सूक्ष्म तंतूंची इजा त्यांत पुष्कळदां दिसत नाहीं.

कपाळामागील मेंदूस इजा झाली असतां रुग्णास स्वतःचें वैगुण्य अनेकदां जाणवतच नाहीं. शांत खोलींत एकेक प्रश्नाचें उत्तर तो चोख देतो; घरीं कुकरची शिटी, फोन व पाहुणे एकाच वेळीं आले कीं गोंधळतो. अमेरिकेंत १८४८ सालीं फिनिअस गेज या रेल्वेवरील मुकादमाच्या डोक्यांतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वांचला, चालूंबोलूं लागला. पण हा पूर्वीचा गेज नव्हे, हें ओळखलें तें त्याला आधींपासून जाणणाऱ्यांनीं. त्याच गेजनें पुढें चिली देशांत कित्येक वर्षें घोडागाडी हांकली, हेंहि विसरूं नये.

म्हणून तपासणीपूर्वीं दोन आठवडे रोजनिशी ठेवावी. ‘विसराळू झाले आहेत’ एवढें लिहून भागत नाहीं. ‘मंगळवारीं दूध चुलीवर ठेवून स्नानास गेले, करपल्याचा वासहि आला नाहीं,’ असें लिहावें, कारण डोक्याच्या इजेनें घ्राणशक्तीहि जाऊं शकते. झोप, डोकेदुखी, फिट यांची नोंद करावी. जें नीट जमतें तेंहि लिहावें. शिक्षण, व्यवसाय व पूर्वीचा स्वभाव सांगावा. इतरांस साधारण शोभणारें गणित हिशेबनिसाच्या बाबतींत मोठी हानि ठरूं शकतें.

आपल्या घरांतून दुखणें झांकण्याची रीत जुनी आहे. लोक वेडा म्हणतील या भीतीनें पत्नी पतीचें उत्तर स्वतःच पुरवते आणि त्यामुळें मिळावयाची मदत हुकते. उलट भरपाईच्या आशेनें अतिशयोक्ति करणेंहि घातक. ती ओळखण्याच्या कसोट्या तज्ज्ञांजवळ असतात. सर्वांत नाजूक गोष्ट रुग्णाच्या मानाची. त्याच्या पाठीमागें तक्रारी सांगूं नयेत. रोजनिशी आधीं त्यास वाचून दाखवावी, त्याचें म्हणणें शेजारीं लिहावें, आणि डॉक्टरांशीं वेगळें बोलावयाचें तर त्याची संमति घ्यावी.

तपासणीचे प्रश्न घरीं पाठ करवूं नयेत. त्यानें निष्कर्षच चुकतात. आदल्या रात्रीं पुरी झोप, सकाळीं नेहमीचा आहार, चष्मा व श्रवणयंत्र जवळ. डॉक्टरांस विचारल्यावांचून औषध चुकवूं नये. ज्या भाषेंत रुग्ण सहज विचार करतो, तींत तपासणी होईल काय, हें आधींच विचारावें. थकवा आल्यास विसांवा मागावा. त्या दिवशीं दुसरें काम ठेवूं नये.

ही परीक्षा उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची नव्हे. काय शाबूत आहे व कोठें आधार हवा, एवढेंच तींतून कळावयाचें असतें. तें खरें कळावयास घरच्यांनीं खरें सांगितलें पाहिजे. आणि तें प्रेमानें सांगणें, हेंहि शुश्रूषेचेंच अंग होय.