नाताळच्या भेटी आणि व्यवहारांतील इंग्रजी

शाळेंत आठ-दहा वर्षें इंग्रजी शिकलेला मनुष्य इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख सहज वाचतो. परंतु दुकानांत उभा राहून ‘ही वस्तु कागदांत गुंडाळून वर फीत बांधून द्या’ एवढें साधें वाक्य इंग्रजींत बोलण्याची वेळ आली म्हणजे त्याची जीभ अडखळते. त्याची बुद्धि कमी पडते असें नव्हे. पाठ्यपुस्तकांनीं त्याला ‘लिबर्टी’ आणि ‘सिव्हिलिझेशन’ हे शब्द दिले. गांठ, फीत, पावती, मोड यांना इंग्रज माणूस घरांत काय म्हणतो, तें मात्र त्याला कोणीं सांगितलें नाहीं. ही उणीव भरून काढण्याचें एक स्वस्त आणि रंजक साधन म्हणजे हास्यचित्र होय. आणि त्यांतहि नाताळच्या देवघेवीवरील हास्यचित्रें या कामीं विशेष उपयोगी पडतात.

प्रथम ‘कार्टून’ हा शब्दच पाहावा. जाड कागदाच्या इटालियन नांवावरून तो आला, आणि मोठ्या चित्रासाठीं आधीं काढलेला आराखडा हा त्याचा मूळ अर्थ. १८४३ सालीं लंडनमध्यें पार्लमेंटच्या नव्या इमारतीच्या भिंतींसाठीं असे आराखडे प्रदर्शनांत मांडण्यांत आले. १८४१ सालीं निघालेल्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानें त्या प्रदर्शनाची थट्टा करण्यासाठीं आपल्या चित्रालाच ‘कार्टून’ म्हटलें, आणि पुढें तोच अर्थ रूढ झाला. तें चित्र काढणाऱ्या जॉन लीचनेंच त्याच वर्षीं डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या कथेचीं चित्रें काढलीं. हास्यचित्र आणि नाताळ यांची सोयरीक ही अशी जुनी आहे.

नाताळच्या चित्रांचा पहिला गुण असा कीं, त्यांतील प्रसंग ठराविक असतो. झाड, झाडाखालीं खोकीं, देणारा, घेणारा आणि खोकें उघडण्याचा क्षण. चित्र दहा वेळां बदललें तरी वस्तु त्याच येतात. म्हणून शब्दहि तेच येतात आणि पाठांतराचे कष्ट न पडतां मनांत ठसतात. खोकें तें ‘बॉक्स’, त्याभोंवतींचा कागद तो ‘रॅपिंग पेपर’, फीत ती ‘रिबन’, तिची फुलपांखरासारखी गांठ ती ‘बो’, आणि नांव लिहिलेली चिठी ती ‘टॅग’. गुंडाळणें तें ‘रॅप’ आणि सोडणें तें ‘अनरॅप’. हाच ‘रॅप’ पुढें ‘अप’ घेऊन आला म्हणजे भेट गुंडाळणें, थंडींत अंगभर कपडे लपेटणें आणि हातचें काम आटोपणें, असे तीन अर्थ होतात. शब्दकोशांत हे तीन अर्थ कोरडे वाटतात. चित्रांत ते डोळ्यांना दिसतात.

थॉमस नॅस्ट या अमेरिकन चित्रकारानें ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकांत १८६३ पासून सांता क्लॉजचीं चित्रें काढलीं, आणि त्या गुबगुबीत म्हाताऱ्याचें रूप रूढ करण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं त्याला दिलें जातें. १८७१ सालच्या एका चित्रांत सांता टपाल वाचीत बसला आहे. एका बाजूस खट्याळ मुलांच्या आईबापांकडून आलेल्या पत्रांचा उंच ढीग, आणि दुसऱ्या बाजूस गुणी मुलांच्या आईबापांकडून आलेल्या पत्रांची लहानशी चळत. ‘नॉटी’ आणि ‘गुड’ यांतील अंतर समजावण्यास आणखी स्पष्टीकरण नको! १८८१ सालच्या त्याच्या सुप्रसिद्ध चित्रांत लांब ‘पाइप’, कमरेचा ‘बेल्ट’, त्याचें ‘बकल’ आणि हातांत न मावणारीं ‘टॉइज’ एकत्र पाहावयास मिळतात.

कांहीं शब्द मराठी कानाला चकवितात. सांता ‘चिमणी’तून उतरतो असें ऐकून मराठी मुलाला आधीं पांखरूं आठवेल, मग कंदिलाची कांच आठवेल, चित्रांत मात्र घराचें धुरांडें दिसतें आणि घोटाळा मिटतो. ‘स्टॉकिंग’ म्हणजे लांब मोजा. आंखूड मोजा तो ‘सॉक’. त्या लांब मोज्यांत भरावयाच्या बारीकसारीक भेटींना इंग्लंडांत ‘स्टॉकिंग फिलर’ म्हणतात, तर अमेरिकेंत ‘स्टॉकिंग स्टफर’. हजेरीच्या वेळीं ‘प्रेझेंट सर’ म्हणणाऱ्या मुलाला ‘प्रेझेंट’ म्हणजे हजर एवढेंच ठाऊक असतें. व्याकरणांत तोच शब्द वर्तमानकाळ होतो आणि नाताळांत भेट होतो. ‘गिफ्ट’ हा शब्द तर जर्मन भाषेंत विष या अर्थीं चालतो. दोन्ही शब्दांचें मूळ ‘देणें’ हेंच आहे. काय दिलें, एवढाच फरक!

परंतु वस्तूंच्या नांवांपेक्षां अधिक महत्त्वाचे ते शिष्टाचाराचे उद्गार. कारण तेथें चूक झाली तर मन दुखावतें. परदेशीं गेलेला एखादा विद्यार्थी यजमानीणबाईंच्या हातीं मोठ्या हौसेनें भेट ठेवतो, आणि त्या उद्गारतात, ‘ओ, यू शुडन्ट हॅव!’ शब्दशः अर्थ, ‘तुम्हीं असें करावयास नको होतें’. बिचारा ओशाळतो आणि क्षमा मागूं लागतो. वास्तविक ‘कशाला उगीच त्रास घेतलात’ या आपल्याकडील उद्गाराचाच तो सख्खा भाऊ आहे. उलट, मिळालेली भेट न उघडतां बाजूस ठेवणें हा आपल्याकडे सभ्यपणा. तिकडे पुष्कळ घरांतून ती देणाऱ्यासमोर उघडून आनंद दाखविण्याची रीत आहे. हे प्रसंग हास्यचित्रांत वारंवार येतात, आणि चेहऱ्यांवरून अर्थ उमजतो. विणलेला चौथा गळपट्टा हातीं आलेला गृहस्थ ‘जस्ट व्हॉट आय वॉन्टेड’ म्हणतो, तेव्हां ओंठ हंसत असतात आणि डोळे रडत असतात. ‘इट्स द थॉट दॅट काउंट्स’ यांतील ‘काउंट’ म्हणजे मोजणें नव्हे, तर महत्त्व असणें. भेटीमागील भावना मोठी, असा त्याचा आशय.

चार्ल्स शुल्ट्झच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेवरून १९६५ सालीं दूरचित्रवाणीवर नाताळची एक चित्रकथा दाखविण्यांत आली. तींतील लहानगी सॅली सांताला पत्र लिहविते आणि शेवटीं खेळण्यांऐवजीं रोख नोटा मागते. दहांच्या आणि वीसांच्या. ‘टेन’ आणि ‘ट्वेंटी’ हे आंकडे येथें नाम होऊन अनेकवचनींहि चालतात, हा व्याकरणाचा धडा हंसतां हंसतां मिळतो. तिच्यांतील ल्यूसीला तर ‘रिअल इस्टेट’, म्हणजे जमीनजुमला हवा असतो.

कांहीं शब्दांना मराठी घरांत आधींच जागा आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवसाला इंग्लंडांत ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात. त्याचा मुष्टियुद्धाशीं संबंध नाहीं. नोकरचाकर, टपालवाले यांना ‘ख्रिसमस बॉक्स’ म्हणजे बक्षीस देण्याची चाल होती. आपली दिवाळीची पोस्त ती हीच. निरुपयोगी व खर्चिक वस्तु म्हणजे ‘व्हाइट एलिफंट’; पांढरा हत्ती मराठींतहि पोसला जातोच. आलेली भेट दुसऱ्याच्या गळ्यांत घालणें याला ‘रीगिफ्ट’ हें क्रियापद आहे. हळदीकुंकवाचा खण पांच घरें फिरून पहिल्या घरीं परत आलेला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको.

अभ्यासाची रीत सोपी आहे. प्रथम चित्राखालील ओळ झांकून चित्रांतील वस्तु इंग्रजींत मोजाव्या. न आलेले शब्द टिपून ठेवावे. मग ओळ मोठ्यानें वाचावी, आणि हंसूं कां आलें तें मराठींत एका वाक्यांत सांगावें. हंसूं आलें नाहीं, तर एखादा शब्द निसटला आहे असें समजून शोध घ्यावा. दुसऱ्या दिवशीं तोच प्रसंग चित्र न पाहतां इंग्रजींत सांगून पाहावा. मात्र एक सावधगिरी बाळगावी: हास्यचित्रांतील बोली नेहमींच सभ्य नसते, आणि उपरोधाचें वाक्य सरळ म्हणून उचललें तर फजिती होते. ज्या वाक्याचा चेहरा कळला नाहीं, तें तोंडीं आणूं नये.

घरांतील मोठ्यांनीं आणि मुलांनीं मिळून रोज एक चित्र असें वाचलें, तर त्या घरांत इंग्रजीचा धाक राहणार नाहीं. परीक्षेंत मिळालेले गुण पुढें कोणी विचारीत नाहीं. पण हातीं भेट आली असतां योग्य वेळीं, योग्य स्वरांत ‘थँक यू’ म्हणतां येणें हें आयुष्यभर कामास येतें.