सोन्याला कीड लागत नाही, दाताला लागते

जळगावच्या दाणाबाजारात चाळीस वर्षे पेढी सांभाळणारे आमचे काकासाहेब हिशेबाला मोठे काटेकोर. वहीत एका रुपयाची तफावत निघाली, तर त्यांना रात्री झोप लागत नाही. मात्र स्वतःच्या उजवीकडील खालच्या दाढेवर पंचवीस वर्षे बसलेल्या सोन्याच्या कॅपचा हिशेब त्यांनी कधीच तपासला नव्हता. त्या बाजूला अन्न अडकते, सकाळी तोंडाला वास येतो, हे काकूंच्या लक्षात आले होते. "अहो, एकदा दाखवून तरी या," असे त्या वर्षभर सांगत राहिल्या. काकासाहेबांचे उत्तर ठरलेले असे, "दुखत नाही ना? मग कशाला? सोन्याला कधी कीड लागते का?"

सोन्याला कीड लागत नाही, हे खरेच. जळगावसारख्या सराफीच्या गावात ते कोणाला सांगावे लागत नाही. परंतु सोन्याखाली जो दात असतो, त्याला ती लागते. काकासाहेबांना ती दाढ गमवावी लागली. त्याच वर्षी धुळ्याच्या आमच्या आत्याबाईंचीही जुनी कॅप काढावी लागली. त्यांची दाढ मात्र वाचली. दोघे सख्खे भाऊ-बहीण, दोघांच्याही दाढेचे रूट कॅनल झालेले. एकाने दुखण्याची वाट पाहिली, दुसरीने पाहिली नाही, एवढाच काय तो फरक. आपल्या बहुतेक घरांतून कोणाच्या ना कोणाच्या तोंडात अशी कॅप असते. म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटला.

'पर्मनंट' म्हणजे किती दिवस?

कीड काढून किंवा रूट कॅनल करून दुबळा झालेला दात चावताना फुटू नये, यासाठी तो चोहोबाजूंनी घासून त्यावर धातूचे किंवा सिरॅमिकचे कवच सिमेंटने बसवतात. तीच आपली कॅप, म्हणजे दंतमुकुट. नवी कॅप तयार होईपर्यंत आठ-पंधरा दिवस जी प्लास्टिकसारखी कॅप बसवतात, ती 'टेम्पररी'. आणि तिच्या जागी येते ती 'पर्मनंट'. हा शब्द तात्पुरत्या कॅपच्या तुलनेत आला आहे, आजन्म हमीच्या अर्थाने नव्हे. चांगली बसलेली आणि स्वच्छ राखलेली कॅप साधारणतः दहा ते पंधरा वर्षे टिकते; कित्येकांची त्याहून पुष्कळ अधिक टिकते. आपण व्यापारी माणसे यंत्रावर, गाडीवर दरवर्षी घसारा धरतो. कॅपलाही तोच न्याय लावला पाहिजे.

सोन्याच्या कॅपला दंतशास्त्रात मोठा मान होता. अमेरिकेतील दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी 1907 साली दातासाठी मेणाचा नमुना करून त्याच्या साच्यात सोने ओतण्याची पद्धत प्रचारात आणली. आपल्या कारागिरांना ती मेणाच्या ओतकामामुळे परिचितच वाटेल. शुद्ध सोने चावण्याच्या दाबाला फार मऊ पडते. म्हणून त्यात तांबे, चांदी, प्लॅटिनम, पॅलॅडियम यांसारखे धातू मिसळतात. अशी कॅप दाताच्या कडेशी अचूक मिळते आणि समोरच्या दाताची झीजही फारशी करीत नाही. परंतु कॅप कशाचीही असो, हिरडीजवळ जिथे तिची कड संपते आणि दात उघडा पडतो, तो सांधा नाजूक असतो. सिमेंट झिजते, हिरडी खाली सरकते, तिथे अन्नाचे कण साचतात आणि कीड आत शिरते.

दुखत नाही, हीच फसगत

रूट कॅनलमध्ये दाताची नस काढून टाकलेली असते. म्हणून अशा दातात कीड कितीही खोल गेली तरी ठणका लागत नाही. ठणका लागतो तो संसर्ग मुळाशी पोहोचल्यावर किंवा दात तडकल्यावर. आणि तोवर वेळ बहुधा निघून गेलेली असते. 'दुखत नाही' हा दाखला रूट कॅनल झालेल्या दाताच्या बाबतीत अगदीच बिनभरवशाचा आहे.

खरी लक्षणे वेगळी आहेत. एकाच जागी वारंवार अन्न अडकणे, दोरा फिरवताना तो तिथे फाटणे, दुर्गंधी किंवा खारट चव येणे, हिरडीतून रक्त येणे, कॅप किंचित हलणे, हिरडीवर पुळी येऊन फुटणे. यांपैकी काहीही आढळले तर दंतवैद्यांना दाखवावे. काहीच आढळले नाही, तरी वर्षातून एकदा कॅपची कड तपासून घ्यावी. दंतवैद्य बारीक टोकाच्या उपकरणाने कड चाचपतात आणि एक्स-रे काढतात. मात्र धातूच्या कॅपमधून किरण आरपार जात नाहीत. कडेचा भाग आणि मूळ तेवढे दिसते. आत नेमके काय आहे, ते कॅप काढल्यावरच पूर्णपणे कळते.

आत्याबाईंचे असेच झाले. त्या धुळ्याला पाचव्या गल्लीत राहतात. दोरा फाटतो एवढ्याच कारणावरून त्या साक्री रस्त्यावरील अण्णासाहेब चूडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालयात तपासणीसाठी गेल्या. दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या अधिक होतात, परंतु खर्च बेताचा असतो आणि दातांच्या निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ एकाच छताखाली भेटतात. आत्याबाईंच्या एक्स-रेमध्ये कॅपच्या कडेखाली काळसर सावली दिसली आणि कॅप काढण्याचे ठरले.

कॅप काढतात तरी कशी?

'काढतात' म्हणजे उपटून काढतात, अशी पुष्कळांची समजूत असते आणि तिच्या धास्तीने माणसे जाणे टाळतात. वास्तविक सैल झालेली कॅप हलक्या ठोक्याच्या आकड्याने निघू शकते. घट्ट बसलेल्या कॅपवर असे ठोके जोराने मारले, तर खालचा दातच मोडण्याची भीती असते. म्हणून बहुधा ती चिरतात. गालाकडील बाजूने चावण्याच्या पृष्ठभागापर्यंत ड्रिलने एक फट पाडायची, त्या फटीत चपटे उपकरण घालून अलगद फिरवायचे. सिमेंटची पकड सुटते आणि कॅप दोन भागांत उकलते. नस जिवंत असेल किंवा हिरडी हुळहुळी असेल, तर भूल देतात. साध्या धातूची कॅप लवकर चिरली जाते. झिर्कोनिया फार कठीण असल्यामुळे तिला हिऱ्याच्या कणांची टोके आणि अधिक वेळ लागतो. चिरलेली कॅप पुन्हा वापरता येत नाही, हे आधीच ध्यानी घ्यावे. ती सोन्याची असेल, तर तुकडे मागून घ्यावेत. धातू आपलाच असतो.

तीन शक्यता

कॅप निघाल्यावर तीनपैकी एक गोष्ट समोर येते. पहिली, दात शाबूत आहे. तो स्वच्छ करून, माप घेऊन नवी कॅप बसवता येते. दुसरी, कीड आहे, पण दाताचा पुरेसा भाग उरला आहे. मग कीड काढून, गरज पडल्यास रूट कॅनल पुन्हा करून दात भरून घेतात आणि त्यावर कॅप बसवतात. इथे एक माप महत्त्वाचे ठरते. हिरडीच्या वर सभोवार सुमारे दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात शिल्लक हवा. लाकडी मुठीला लोखंडी कडे जसे आवळून धरते, तशी कॅप त्या पट्टीला धरते. पट्टीच नसेल, तर कितीही महाग कॅप पुन्हा निघून येते. तिसरी शक्यता म्हणजे दात वाचवण्याजोगा राहिलेला नाही. तो काढणे भाग पडते.

आत्याबाईंच्या दाढेला ती पट्टी मिळाली. काकासाहेबांच्या दाढेला मिळाली नाही. ऐन दिवाळीच्या हंगामात कॅप हलू लागली, ते हंगाम संपेपर्यंत थांबले आणि कॅप काढली तेव्हा आत भुसभुशीत अवशेष तेवढा उरला होता.

या तिन्ही शक्यता, प्रत्येकीचा खर्च आणि फेऱ्या कॅप काढण्यापूर्वीच विचारून घ्याव्यात. कॅप काढणे, रूट कॅनल पुन्हा करणे, दात भरणे, तात्पुरती कॅप आणि नवी कॅप यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागण्यात संकोच कसला? चांगले दंतवैद्य ते आनंदाने देतात. कायद्यानुसार व्यवसायासाठी नोंदणी आवश्यक आहे. स्वस्तात कॅप बसवून देणाऱ्या नोंदणीविरहित माणसाच्या वाटेला जाऊ नये.

नवी कॅप निवडताना

दाढेसाठी धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली, झिर्कोनियाची, असे पर्याय असतात. स्वस्त धातूच्या कॅपमध्ये पुष्कळदा निकेल असते. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते, अशा भगिनींनी ते दंतवैद्यांना आवर्जून सांगावे. झिर्कोनियाच्या कार्डावर दहा-पंधरा वर्षांची हमी छापलेली असते, ती बहुधा कॅप तुटण्यापुरती असते. खालचा दात किडला तर ती लागू होत नाही. तात्पुरती कॅप गळून पडली, तर त्याच दिवशी कळवावे. उघडा दात तसाच राहिला की शेजारचे दात सरकतात आणि नवी कॅप बसत नाही. नवी कॅप चावताना उंच वाटली, तर 'होईल सवय' म्हणून सोसू नये. ती घासून घ्यावी.

सर्व झाल्यावर दाताचा क्रमांक, कॅपचा प्रकार, प्रयोगशाळेचे नाव आणि तारीख यांची नोंद पावतीसह जपून ठेवावी. आत्याबाईंच्या कार्डावर 36 असा आकडा आहे. डाव्या खालच्या पहिल्या दाढेची ती खूण कोणत्याही गावचे दंतवैद्य ओळखतात.

व्रत-नियम आणि उपचार

पर्युषणात अठ्ठाई करायची असेल, वर्षीतप किंवा आयंबिलची ओळी धरायची असेल, तर दातांची तपासणी त्याआधी दोन महिने उरकावी. उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेणे घातक असते, आणि आयंबिलातील कोरडे, कडक अन्न तात्पुरत्या कॅपला सोसत नाही. रोज चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळी पाणी सोडण्यापूर्वी दात आणि कॅपची कड दोऱ्याने स्वच्छ करावी; रात्रभर अडकलेले कण अधिक अपाय करतात. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगावे. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आणखी एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. काकासाहेबांची दाढ काढल्यावर इम्प्लांटचा विषय निघाला आणि त्यासाठी हाडाची भुकटी भरावी लागेल, असे कळले. त्यांनी लगेच विचारले, "डॉक्टरसाहेब, ही भुकटी कशाची?" अशी भुकटी गाईबैलांच्या हाडांपासून केलेलीही असते आणि कृत्रिम खनिजांची, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचीही मिळते. जखमेत ठेवतात ते काही स्पंज जिलेटिनचे असतात. कॅपच्या धातूत वा झिर्कोनियात असे काही नसते. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. विचारल्यावर पर्याय निघतो. काकासाहेबांसाठी कृत्रिम भुकटी मागवली गेली.

पुढे एके दिवशी ते चिरलेली कॅप घेऊन सराफ बाजारात गेले. सराफाने तुकडे कसोटीवर घासले, तोलले, घट धरली आणि रक्कम हातावर ठेवली. घरी आल्यावर ती काकूंच्या हाती देत काकासाहेब म्हणाले, "सोन्याचे मोल आले, दाढेचे कोण देणार?" काकूंनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या आणि मुलांच्या तपासणीची वेळ तेवढी ठरवून घेतली.