गोव्याला जाण्यापूर्वी थोडी पोर्तुगीज

रत्नागिरीहून कोकण रेल्वेने करमळीला उतरलं की जुना गोवा जवळच. तिथल्या चर्चमध्ये फरशीतच थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. आपण त्यांच्यावरून नुसते चालत जातो. लिपी रोमन, त्यामुळे अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. पोर्तुगीजमधलं ‘अकी जाश’, म्हणजे ‘येथे विसावला आहे’, एवढं ओळखता आलं तरी पुढचं नाव, हुद्दा, साल उलगडू लागतं. १५१० ते १९६१ या काळातला गोव्याचा सरकारी कारभार याच भाषेत चालला. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दफ्तरखान्यातल्या पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांच्या इतिहासाचे कित्येक दुवे उजेडात आणले, हे आपण विसरू नये. उत्तरेला, रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही ऐकू येते. शिवाय लिस्बन, ब्राझील, मोझांबिकलाही पोर्तुगीजच चालते.