व्हॅल की व्हार? आईच्या भिशीतले जास्तीचे ४०० रुपये

हेडफोन लावलेत ना? आज आपण कॉटलिन शिकायला सुरुवात करतोय. व्हेरिएबल म्हणजे काय, कॉन्स्टंट म्हणजे काय आणि दोन्ही लिहायचे कसे, एवढंच आज. (वाचणाऱ्यांसाठी सूचना: कोडमधले शब्द आणि आकडे इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ते इंग्रजीतच करायचे.)

आधी पटकन ओळख. कॉटलिन ही जेटब्रेन्स कंपनीची भाषा. २०११ मध्ये जाहीर झाली, १.० आवृत्ती आली २०१६ मध्ये. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून अँड्रॉइडवर तिलाच पहिली पसंती आहे. नाव आलंय रशियातल्या सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटावरून. झाली ओळख.

आता माझी फजिती ऐका. आईची भिशी आहे. १२ जणी, महिन्याला प्रत्येकी २,००० रुपये, उशीर झाला तर ५० रुपये दंड. मी नुकतंच कॉटलिन शिकायला लागलो होतो, म्हटलं आईला हिशोबाचं छोटं ॲप करून देऊ. त्यात लिहिलं होतं हे:

व्हार हप्ता = २०००
फॉर (सभासद इन यादी) {
    इफ (सभासद.उशीर) हप्ता = हप्ता + ५०
    प्रिंटएलएन(हप्ता)
}

त्या महिन्यात फक्त चौथ्या क्रमांकाच्या काकूंना उशीर झाला होता. म्हणजे एकूण यायला हवे होते २४,०५०. ॲपने दाखवले २४,४५०. आईने एकूण रकमेकडे पाहिलंच नाही, ॲपवर विश्वास ठेवला आणि प्रत्येकीला तिचा आकडा पाठवून दिला. संध्याकाळी शेजारच्या काकू दारात. "अगं, मी तर एक तारखेलाच पैसे दिले. मला दंड कसला?" पैसे ५०च होते हो. पण पंधरा वर्षं आईकडे भिशीची वही आहे ती विश्वासावर. आईचा चेहरा मला अजून आठवतो.

चूक कुठे झाली? चौथ्या काकूंचा दंड मी हप्त्यातच मिळवला. हप्ता झाला २,०५०, आणि तो तसाच राहिला. पुढच्या आठ जणींना तोच आकडा गेला. ८ गुणिले ५०, झाले ४०० जास्तीचे.

आणि या चुकीचं मूळ पहिल्याच शब्दात आहे: व्हार. कॉटलिनमध्ये एखाद्या किमतीला नाव द्यायचे दोन मुख्य मार्ग आहेत. व्हार लिहिलं की ती किंमत पुढे बदलता येते. व्हॅल लिहिलं की एकदा दिलेली किंमत त्या नावापुरती कायम. मी सगळीकडे व्हारच लिहायचो, कारण व्हारवर कंपायलर कुरकुर करत नव्हता! तिथे व्हॅल असतं, तर दंड मिळवण्याच्या ओळीवरच लाल रेघ आली असती: व्हॅलला पुन्हा किंमत देता येत नाही. ॲप चाललंच नसतं, आणि काकू दारात आल्या नसत्या.

दुरुस्त केलेलं रूप असं:

कॉन्स्ट व्हॅल हप्ता = २०००
कॉन्स्ट व्हॅल दंड = ५०

आणि लूपच्या आत:

व्हॅल देणं = इफ (सभासद.उशीर) हप्ता + दंड एल्स हप्ता

यात तीन गोष्टी बघा. एक, कॉटलिनमध्ये इफ-एल्स स्वतःच उत्तर देतं, ते सरळ नावात ठेवता येतं. दोन, 'देणं' हे लूपच्या प्रत्येक फेरीत नव्याने तयार होतं, त्यामुळे एकीचा दंड दुसरीच्या माथी जात नाही. तीन, 'कॉन्स्ट व्हॅल' हा खरा कॉन्स्टंट. त्याची किंमत ॲप चालू होण्याआधी, कंपाइल होतानाच माहीत असावी लागते, आणि ती संख्या, अक्षरं किंवा खरं-खोटं अशी साधीच असते. तो फंक्शनच्या आत लिहिता येत नाही, बाहेर लिहायचा. नाव सगळं कॅपिटलमध्ये द्यायची पद्धत आहे. आजची तारीख मात्र ॲप चालल्यावरच कळणार, म्हणून तिला नुसतं व्हॅल.

इथे एक खाच आहे. यादी व्हॅलमध्ये ठेवली म्हणजे तिच्यात नवीन नाव घालता येत नाही, असं नाही. यादी 'म्युटेबल लिस्ट' असेल तर नावं घालता येतात, काढता येतात. भिशीची वही समजा ना. व्हॅल एवढंच सांगतं की वही हीच राहणार, दुसरी आणायची नाही. पानांवर लिहायला मनाई नाही. पानंही पक्की हवी असतील तर साधी 'लिस्ट' वापरायची.

बाकीचं व्याकरण झटपट. ओळीच्या शेवटी सेमीकोलन लागत नाही. एक बरोबरचं चिन्ह म्हणजे किंमत ठेवणं, दोन म्हणजे तुलना. लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. २००० लिहिलं की ही पूर्णांक संख्या आहे, म्हणजे इंट, हे कॉटलिन स्वतः ओळखतं. पण एकदा इंट ठरलं की व्हार असलं तरी त्यात अक्षरं ठेवता येत नाहीत. आणि ७ भागिले २ केलंत तर उत्तर ३ येईल, साडेतीन नाही, कारण दोन्ही पूर्णांक आहेत. पैशांच्या हिशोबात हे विसरू नका.

माझा आता एकच नियम आहे: आधी व्हॅल लिहायचं. खरंच बदलायची गरज पडली तरच व्हार करायचं, आणि करताना स्वतःला विचारायचं की हे नक्की कोण बदलणार, कुठे बदलणार. कंपायलरची कुरकुर परवडते, काकूंची नाही.

गृहपाठ: मोबाइलच्या ब्राउझरमध्ये कॉटलिन प्लेग्राउंड उघडा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. माझा चुकलेला लूप तुमच्या पद्धतीने लिहा, चालवून बघा, मग व्हारचं व्हॅल करा आणि एरर नीट वाचा. घाबरू नका, तो तुमच्या बाजूनेच बोलतोय.

आईची भिशी अजून चालू आहे. ॲपही आहे. पण एकूण रक्कम ती आता वहीत एकदा ताडून बघते, आणि बरोबरच करते. भेटू पुढच्या भागात!